हिरा वितळतो म्हणे

आता कुठल्या तोंडानं सांगू, पण चहा आलाच आहे तर ऐका. एका भिकार पिक्चरपायी माझं लग्न मोडायला आलतं.

मेघा कागलची. तिच्या घरच्यांची अट एकच. पोरगी बेळगावात नांदणार, दवाखान्यात-ऑफिसात तिचं अडू नये, म्हणून जावयाला कन्नड आलं पाहिजे. मी बायोडाट्यात ठोकून दिलं, 'कन्नड उत्तम'. आईनं वर जोड दिली, "आमचा पोरगा म्हणजे हिरा."

खरं सांगू? मी उद्यमबागेत फौंड्रीत, लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कामाला. आमच्या खात्यात सगळे मराठी, न्हायतर हिंदी. माझं कन्नड 'ऊटा आयता', म्हणजे 'जेवण झालं का', ह्याच्या पुढं कधी गेलंच न्हाय.

मग मेघाला घेऊन तिची आत्या आली, पोरगा पारखायला. तिला सगळे आक्का म्हणतात. आक्काला पिक्चरची लई हौस, म्हणून मी रुबाबात तिकिटं काढली. जादूगारांची टोळी स्टेजवर खेळ करता करता संग्रहालयातला हिरा पळवते, असलं थरारक प्रकरण. आत जाऊन बसलो आणि पडद्यावरचा पहिलाच माणूस कन्नडात बोलला. गडबडीत मी कन्नड डबिंगचा शो काढलता.

आक्का म्हणाली, "मेघाला कन्नड कळत न्हाय. तुला येतंय न्हवं? सांग की."

झालं. आता सगळं लग्न माझ्या जिभेवर.

सुरुवातीला जमलं. पिक्चरच इतकं टुकार की भाषा लागतच नव्हती. नायक अंगरखा फिरवतो आणि गायब होतो. परत फिरवतो, परत येतो. कुलूप? टाळी वाजवली की उघडतंय. पहारेकरी? डोळ्यात बघितलं की झोपतोय. अरे बाबा, एवढं सगळं येतंय तर हिरा तरी कशाला चोरतोस, टाळी वाजवून नवीन काढ की. आमच्या जत्रेतला जादूगार मळक्या पिशवीतनं कबुतर काढायचा, तेव्हा ते कसं काढलं ह्याच्यावर आम्ही दोन दिवस भांडायचो. इथं भांडायला काय ठेवलंच नव्हतं.

मी आपला थापा मारत होतो. "ते दोघं सावत्र भाऊ हैत." "ती पोरगी पोलिसांना मिळालीय." आक्का गंभीरपणे "व्हय काय?" म्हणायची. मागच्या रांगेतला एकजण वाकून म्हणाला, "अण्णा, जरा मोठ्यानं सांगा." मला आणखीनच चेव आला. एक गोष्ट मात्र तेव्हाच खटकायला पाहिजे होती. विनोद मी सांगायच्या आधीच आक्का हसायची.

शेवटी नायक उभा राहिला आणि हिरा कसा पळवला ते सांगाय लागला. दहा मिनिटं, एकटाच, धडाधड. ज्याच्यासाठी अडीच तास बूड दुखवून घेतलं, नेमकं तेच मला कळंना. दोघी माझ्या तोंडाकडं बघत होत्या. मला माझी भट्टीच आठवली.

"आक्का, त्यानं हिरा वितळवला, साच्यात ओतला, आणि चमचा करून खिशातनं आणला."

"हिरा वितळतो?"

"कन्नडात... म्हणजे, ह्या पिक्चरात वितळतो."

बाहेर आलो. आक्कानं रिक्षा थांबवली आणि त्या रिक्षावाल्याशी असं काय कन्नड बोलली, की त्यानं गुमान मीटर टाकला.

"आक्का, तुमास्नी कन्नड येतंय?"

"मला गोकाकात दिलीया. तीस वर्षं संसार कन्नडातच केला, रं."

"मग तो शेवटी काय म्हणत होता?"

"हिरा पहिल्यापासनंच खोटा होता."

मी रस्त्यातच सगळं कबूल केलं. बायोडाटा, ऊटा आयता, सगळं. आक्कानं तिथंच भावाला फोन लावला.

"दादा, पोरगा हिरा न्हाय. पण जरा धग लागली की वितळतो. आपल्या मेघाला बरा हाय. आणि पिक्चरपेक्षा ह्याची गोष्ट झ्याक होती."

लग्न झालं. आक्काशी फोनवर बोलून बोलून मेघा सहा महिन्यांत कन्नड शिकली. मी आहे तिथंच आहे.

परवा ताप आला म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टर कन्नडात काहीतरी म्हणाले. मी मान हलवली. ते परत म्हणाले, मी परत हलवली. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मी मेघाकडं बघितलं.

"काय म्हणतायत गं?"

"जीभ दाखवा म्हणतायत. तुम्ही दोनदा व्हय म्हणालासा."