ब्युरेट आज मी धरणार

मला नीट लिहिता येत नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. तरी लिहायला बसले, त्याची माफी असावी.

हिंगोलीच्या कॉलेजात बीएस्सीचं पहिलं प्रॅक्टिकल. रसायनशास्त्राचे सर एकेकाला उभं करून घरचं विचारत होते. माझी पाळी आली.

"गाव?"

"साखरा."

"आई काय करती?"

"शाळेत खिचडी शिजवती, सर."

"मग तुझा हात बसलेला असंल. भांडी तू घास."

बॅच हसली. मीही हसले. त्या हसण्याची अजून चीड येते.

चौघांचा गट. तिघं पोरं ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब सोडायची काचेची नळी, धरायची; मी फ्लास्क धुवायचे. ते आकडे सांगायचे, मी वहीत उतरवायचे. अशी दोन वर्षं. "मला करू द्या" असं एकदाही म्हणाले नाही.

परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी मला ब्युरेटसमोर एकटीला उभं केलं. गणित पाठ होतं. थेंब सोडता येत नव्हता. नॉब फिरवला आणि धार लागली. फिकट गुलाबी हवं होतं, फ्लास्क गडद झाला.

"दोन वर्षं काय करून राहिली होतीस?"

आमचे सर खिडकीबाहेर बघत होते. मी नापास.

जवळा बाजारच्या एक मॅडम आमच्याकडे तासिकेवर, दरवर्षी नव्या नेमणुकीनं, शिकवायच्या. दुपारी डबा अर्धा ठेवून त्यांनी लॅब उघडली.

"काहून गं, तोंडाला कुलूप होतं का?"

"व्हय, मॅडम."

"माझ्या बी होतं. मी बी भांडीच घासली. भर पाणी."

आठ दिवस नुसतं पाणी. थेंब. थेंब. मग रंग. फेरपरीक्षेत पास झाले.

तिसऱ्या वर्षी सरांनी पुन्हा घाण फ्लास्क माझ्याकडे सरकवले. मी परत सरकवले.

"न्हाई, सर. ब्युरेट आज मी धरणार. ज्याचं भांडं त्यानं घासावं."

"हे कोणी शिकवलं तुला?"

"मॅडमनी."

मोठ्या अभिमानानं सांगितलं. तेवढी अक्कल नव्हती मला.

एमएस्सी करायची. त्याच लॅबमध्ये शिकवायला उभं राहायचं. पहिल्या दिवशी कोणाच्याही आईचं काम विचारायचं नाही. भांडी मात्र सगळ्यांनी घासायची. हे मी परवा ठरवलं.

परवाच कळलं. सरांच्या सहीनं तासिकांची यंदाची यादी लागली. मॅडमचं नाव त्यात नाही.

सरांना ते नाव मीच सांगितलं होतं.