खालची पट्टी

गांधीबागेत फोटोफ्रेम करणारे सुखदेव गजभिये हल्ली मला बघून मान खाली घालतात. चूक त्यांची झाली, पण तोंड मी सोडलं.

माझ्याकडे व्हिएन्नातल्या एका चित्रप्रदर्शनाचं सव्वाशे वर्षांपूर्वीचं पोस्टर होतं. त्याची दुसरी प्रत कुठे असल्याचं ऐकिवात नाही. सुखदेवभाऊंनी ते फ्रेममध्ये बसवताना खालची दोन बोटांची पट्टी कापून टाकली. कॅलेंडरवरच्या चित्रांखालचं छापखान्याचं नाव ते असंच कापतात. पण या पट्टीत चित्रकार बाईची सही होती. तिचं दुसरं एकही काम उरलेलं नाही. आता हे पोस्टर तिचंच आहे, याला पुरावा नाही.

"पट्टी कुठे आहे?" मी विचारलं.

"कापलेला कागद मी फेकत नाही, ताई. दुसऱ्या फ्रेमांत फोटो हालू नये म्हणून मागून ठासतो. दीक्षाभूमीवर आलेले लोक त्या हप्त्यात चाळीस फ्रेमा घेऊन गेले गावोगावी. आता कोणाच्या घरी धुंडू?"

माझा तोल गेला. चित्रकाराच्या सहीची किंमत तुम्हाला काय कळणार, असं मी भर दुकानात म्हणाले.

ते काच पुसत राहिले.

"फ्लेक्स यायच्या पहिले बारा वर्षं मी दुकानाचे बोर्ड रंगवले," ते म्हणाले. "कोपऱ्यात माह्यं नाव लिहीत होतो. दुकानवाले तेवढंच पुसायला लावत. मले नाही कळन त कोणाले कळन, ताई? तरी मीच कापलं."