मंजूर झालेली सावली

आमचे मामा एका नाटक कंपनीचे पडदे रंगवतात. त्यांचं एक खूळ आहे: स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते काहीही रंगवत नाहीत. जंगल हवं असलं की जंगलात जाऊन बसणार. राजवाडा एकदाच रंगवला, तो टाऊन हॉलसारखा झाला, कारण दुसरी मोठी इमारत त्यांनी पाहिलेलीच नव्हती. "तिथला राजा हेडक्लार्क वाटतो," असं मामी म्हणते. मामी त्याच नाटक कंपनीत कपडे शिवते आणि उरलेल्या वेळात मामांना उसवते. मी पडद्याची दोरी ओढतो.

नव्या नाटकात नदीकाठ होता. मामा रोज नदीवर जाऊन बसले आणि आमचा जुना पूल असा हुबेहूब उतरवला, की कठड्याचा तुटका कोपराही सुटला नाही.

मग सीमेवर गडबड सुरू झाली. चौकाचौकांत हुकूम चिकटला: पूल, स्टेशन, पाण्याच्या टाक्या यांचे फोटो किंवा चित्रं काढायला, दाखवायला बंदी. शत्रूला उपयोग होतो म्हणे. आम्ही हसलो. "शत्रूला पूल सापडलाच तर त्याला म्हणावं, आधी खड्डे बुजव," असं मीच म्हणालो. त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतल्या फोटोवाल्याला जीपमध्ये घालून नेलं. त्याने स्टेशनबाहेर मेहुण्याचा फोटो काढला होता, मागे सिग्नल आला. तो अजून परतलेला नाही. दुकानाला कुलूप आहे. काचेतली नवरा-नवरीची जोडपी तेवढी हसत असतात. आमचं हसणं तिथेच संपलं.

मामांची झोप उडाली. जिन्यावर पाऊल वाजलं की घास हातातच राहायचा. संहिता तपासणी कचेरीतून मंजूर होऊन आली होती, पानापानावर शिक्का. पण पडदा कोणी पाहिलाच नव्हता, आणि पहिल्या प्रयोगाला तपासणी साहेब स्वतः येणार होते.

"धुऊन टाका तो पूल," मामी म्हणाली.

"त्याच्याबरोबर सगळी नदी जाईल. परत रंगवायला वेळ कुठाय?"

"मग झाका कशाने तरी!"

मामांनी पुलावर धुकं चढवलं. पांढऱ्या रंगात थोडा करडा, वर सरसाचं पाणी. दिग्दर्शक म्हणाले, "वा! हे आधी का नाही सुचलं?" मामांनी नुसता घाम पुसला.

प्रयोगाला साहेब पहिल्या रांगेत बसले. दुसरा अंक चालू असताना मामांनी विंगेत माझं मनगट गच्च धरलं. चेहरा चुन्यासारखा.

"चंद्र!"

"काय झालं चंद्राला?"

"अरे, तिसऱ्या अंकात उगवतो ना! पडद्यामागून दिवा लागतो. कापडातून उजेड आला की खालचा रंग वर दिसतो. पूल दिसणार रे!"

आम्ही दिवेवाल्याकडे धावलो. मामा हात जोडून म्हणाले, "बाबा, आज चंद्र नको."

दिवेवाला त्यांच्याहून भित्रा. "मामा, संहितेत लिहिलंय, 'चंद्र उगवतो'. वर शिक्का आहे. नाही उगवला तर मंजूर नाटकात बदल केला म्हणून मला उचलतील. मला लहान मुली आहेत हो!"

"आणि मला बायको आहे!"

"म्हणून तर म्हणतो, तुम्हाला सवय आहे."

तिसऱ्या अंकात चंद्र उगवला. हळूहळू उजेड वाढला, आणि धुक्यातून पुलाची एक कमान वर आली. मग दुसरी. साहेब खुर्चीत पुढे सरकले.

एवढ्यात पडद्यावर एक माणूस उभा राहिला. भला थोरला, काळाकुट्ट, दोन्ही हात पसरलेला. मामा दिव्यापुढे जाऊन उभे राहिले होते. त्या सावलीत पूल बुडाला. सावली मात्र लटपटत होती. तिचे गुडघे शेवटच्या रांगेतूनही दिसले असतील. नायिका आपलं वाक्य विसरली.

प्रयोग संपताच साहेब आत आले, सोबत दोन शिपाई.

"तो हात पसरलेला माणूस कोण? संहितेत नाही. कोणाला इशारा करत होता?"

दिग्दर्शक स्वतःचे बूट पाहू लागले. मामा पुढे झाले. "मीच होतो, साहेब. इशारा नाही. तो… घाबरलेला माणूस आहे."

"कोणाला घाबरलाय?"

खरं उत्तर समोरच उभं होतं, कमरेला पट्टा लावून. मी मनातल्या मनात फोटोवाल्याचं कुलूप पाहत होतो.

"मला," कोपऱ्यातून मामी म्हणाली. तोंडात टाचण्या, हातात कोणाचा तरी अंगरखा. "लग्न झाल्यापासून घाबरतात. विचारा कोणालाही."

एक शिपाई फिसकन हसला. साहेबांनी वळून पाहताच गप्प झाला. मग साहेबांच्या मिशीचं टोक जरासं हललं.

"ठीक आहे. सावली संहितेत लिहा आणि उद्या शिक्का घेऊन जा. यापुढे प्रत्येक प्रयोगात ती अशीच दिसली पाहिजे. कमी नाही, जास्त नाही."

ते गेल्यावर मामा रंगाच्या डब्यावर बसले ते उठेचनात. मामीने तोंडातल्या टाचण्या काढल्या, तेव्हा ओठाला रक्त होतं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी अंगणात पसरून पडदा धुतला. कठड्याच्या तुटक्या कोपऱ्यापाशी मामा रेंगाळले, तेव्हा मामीने त्यांच्या हातातून ब्रश काढून घेतला. आता तिथे नुसतं निळं पाणी आहे. कुठलंही. मामांनी न पाहता रंगवलेलं.

पण सावली मंजूर आहे. म्हणून प्रत्येक प्रयोगाला मामा दिव्यापुढे हात पसरून उभे राहतात. झाकायला आता काहीच नाही.

परवा मी म्हटलं, "मामा, आता तरी लटपटू नका की."

"माझ्या हातात आहे का ते?" मामा म्हणाले. मग दाराकडे एकदा बघून हळूच म्हणाले, "आणि थांबलंच, तर बदल केला म्हणतील ना रे?"