वाळूमामाचा उजवा हात

नाशिकच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, वाळूमामा परिचर होता. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यानं कॉलेजात एकाच माणसाच्या कानाखाली आवाज काढला, आणि तो माणूस विभागप्रमुख होता. साधीसुधी चपराक नव्हती ती. सरांचा चष्मा उडून फळ्याखाली पडला आणि एक काच तडकली.

शिपायानं साहेबावर हात उचलावा हे काही बरं नाही, मान्य. पण आधी ऐकून तर घ्या. कळवणकडचा ललित नावाचा पोरगा दुसऱ्या वर्षाला होता. उन्हाळ्याच्या सुटीत एखाद्या मोठ्या संस्थेत दोन महिने संशोधनाचं काम करायला मिळतं, राहायची सोय होते, वर विद्यावेतन देतात. त्यासाठी त्यानं अर्ज केला आणि त्याची निवड झाली. पत्र विभागाच्या पत्त्यावर आलं. सरांनी ते 'उद्या सांगू' म्हणत खणात टाकलं आणि पुतण्याच्या लग्नाला नांदगावला निघून गेले. परतले तेव्हा मुदत संपून सहा दिवस झाले होते. सर हसून म्हणाले, "जाऊ दे रे, पुढच्या वर्षी बघू." ललितच्या तोंडाकडे पाहिलं आणि मामाचा हात सुटला.

मामा आठ महिने निलंबित होता. ललितनं पुढच्या वर्षी अर्ज केलाच नाही. तो आता कळवणला मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. चपराक मारल्याचा पश्चात्ताप मामाला कधी झाला नाही. ती सहा दिवस उशिरा बसली, याचा मात्र झाला.

मार त्याला नवा नव्हता. पेठच्या डोंगरातलं घर, बाप पुंजा टोळीबरोबर पिंपळगावकडं द्राक्षाच्या कामाला जायचा आणि पोराला सोबत न्यायचा. दहा वर्षांचा वाळू क्रेटमध्ये अंथरायची रद्दी वाचत बसला म्हणून मुकादमानं बांबू हाणला. डाव्या भुवईवर त्याची खूण अजून आहे. बापानं मुकादमाला अडवलं नाही, वरून आणखी दोन ठेवून दिल्या. तरी वाचायची खोड काही गेली नाही.

निलंबन संपवून आला तो नवाच कारभार घेऊन. एक लांबलचक वही केली. दर शनिवारी काम आटोपलं की प्रयोगशाळेतल्या संगणकावर बसायचा आणि देशभरातल्या संस्थांच्या जाहिराती हुडकायचा. कुठं किती जागा, शेवटची तारीख कोणती, शिफारसपत्रं किती लागतात, सगळं वहीत. शेजारच्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरंही यायची. मामा त्यांना झापायचा, "जाहिरात निघती दिवाळीला आन तुम्ही जागे होता होळीला. उन्हाळ्याचं काम हिवाळ्यात मागायचं असतं, गाढवांनो." शिफारसपत्र द्यायला चालढकल करणाऱ्या सरांच्या दारात तो स्टूल टाकून बसायचा. पत्र सही होऊन हातात पडायचं. चष्म्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती.

आणि अर्जावर फोन नंबर मामाचा. डोंगरातल्या पोरांच्या गावी रेंज नाही, मुलींचे फोन घरी भाऊ तपासतात. मग संस्थेचा निरोप यायचा कुणाला? मामाला. ही गोष्ट घडली त्या वर्षी सव्वीस अर्जांवर त्याचाच नंबर होता. मुलींना तो आणखी एक सांगायचा, "पक्कं होईस्तोवर घरी बोलू नको. आधी बोललं की घरचे नाय म्हणत्यात, आन एकदा नाय म्हणलं की माघार घेत नायत." त्यात बरंच खरं होतं. पण त्याचंच हे शहाणपण त्याच्या अंगावर येणार होतं.

सुवर्णा मखमलाबादकडची. घरची झेंडूची, गुलाबाची शेती. थोरला भाऊ प्रफुल्ल टेम्पोनं फुलं बाजारात न्यायचा. भौतिकशास्त्राला तिच्यासारखं डोकं त्या वर्गात दुसरं नव्हतं. कोलकात्याच्या संस्थेत दोन महिन्यांसाठी तिची निवड झाली. मेमध्ये हावड्याकडच्या गाड्या भरून जातात, म्हणून मामानं तिकीट आधीच काढून ठेवलं. प्राचार्यांच्या सहीचा दाखला मात्र मार्चच्या शेवटच्या दिवशी सकाळी हातात पडला, आणि होकार कळवायची मुदत त्याच दिवशी संध्याकाळी पाचची. संस्थेच्या संकेतस्थळावर दाखला चढवायचा, मग मामाच्या फोनवर सहा आकडी संकेतांक येणार, तो टाकायचा, की जागा तिची. नाही टाकला तर यादीतल्या पुढच्या मुलाची.

तीन वाजता यायचं ठरलं होतं. सुवर्णा आली नाही. प्रफुल्ल आला.

सकाळी त्यानं बहिणीचा फोन बघितला. एका परक्या पुरुषाचे महिन्याभरात चाळीस फोन, आणि तिच्या एकटीच्या नावाचं हावड्याचं तिकीट. घरात कुणाला पत्ता नाही. बहीण सांगत होती ते त्यानं ऐकूनच घेतलं नाही. तिला खोलीत कोंडलं, टेम्पोतली टायर काढायची लोखंडी टॉमी उचलली आणि थेट प्रयोगशाळा गाठली.

"वाळू कोन?"

"मी. काय काम?"

"सुवर्णाचा भाऊ हाय मी." एवढं बोलून त्यानं टॉमी फिरवली. पहिला घाव टेबलावर बसला, सोडियमचा दिवा फुटून काचा सगळीकडं उडाल्या. दुसरा मामाच्या खांद्यावर.

मामाच्या हाताशी स्टँडचा लोखंडी दांडा होता. त्यानं तो उचललाही. समोरचं पोरगं पंचविशीचं, रागानं आंधळं झालेलं, डोकं उघडं. एक घाव पुरला असता. आणि खरं सांगायचं तर मामाला तो घालायचा होता, बांबू खाल्ल्यापासून घालायचा होता. पण भिंतीवरचं घड्याळ दिसलं. सव्वातीन. ह्याचं डोकं फुटलं तर पाच वाजतील पोलीस ठाण्यात. मामानं दांडा खाली टाकला, शर्टाच्या खिशातला फोन उजव्या मुठीत धरला, मूठ पोटाशी घेतली आणि भिंतीकडं तोंड करून खाली बसला.

तिथंच घोटाळा झाला. माणूस मार खातो पण फोन सोडत नाही, म्हणजे फोनमध्ये काहीतरी आहे, असं प्रफुल्लला वाटलं. तो आणखी पेटला. "काय लपिवतो? दाखव," म्हणत पाठीवर, बरगड्यांवर, मानेवर घाव घालत राहिला. मामा म्हणत होता, "पाच वाजेपर्यंत थांब. मग मार." ते ऐकायला प्रफुल्ल भानावर होता कुठं? शेवटी त्यानं मामाला उताणा पाडला, मनगट फरशीवर टेकवलं आणि त्यावर टॉमी हाणली. हाड मोडल्याचा आवाज बाहेरच्या पोरांनीसुद्धा ऐकला. मूठ उघडली. प्रफुल्लनं फोन भिंतीवर आपटला आणि वर बुटानं चिरडला.

प्रात्यक्षिकं घेणाऱ्या तृप्ती मॅडम धावत आल्या. मामाचं तोंड रक्तानं भरलेलं, एक दात फरशीवर. मॅडमनी पोलिसांना लावायला फोन काढला.

"पोलीस नंतर," मामा म्हणाला. "आधी फोडलेल्यातलं सिमकार्ड काढा, तुमच्या फोनात घाला. टेबलावर दाखला हाय, सुवर्णाचा. पाचच्या आत चढवायचा."

मॅडमनी टेबलावरचा दाखला उचलला आणि प्रफुल्लच्या छातीवर दाबून धरला. "वाच. बहीण कुणाबरोबर पळून जात नाहीये. कोलकात्याला निवड झालीये तिची. आख्ख्या जिल्ह्यातून एकटीची."

प्रफुल्लनं वाचलं. दोनदा वाचलं. टॉमी त्याच्या हातातून गळून पडली आणि तो काचांतच खाली बसला. "मला वाटलं..." म्हणाला.

कार्ड शाबूत होतं. वहीतून पासवर्ड मामानंच सांगितला, भिंतीला टेकून, शब्दागणिक थुंकत. चार वाजून चाळीस मिनिटांनी संकेतांक आला, आणि जागा सुवर्णाची झाली.

मग मामा प्रफुल्लकडं वळला. "आता ऐक. मी दवाखान्यात सांगणार, शिडीवरून पडलो. तक्रार करणार नाय. तू आत गेलास तर तुझे घरचे पोरीला दारच्या बाहेर पडू द्यायचे नायत, येवढं मला कळतं. पन तिला गाडीत बसवायला तू सोता यायचं. नाय आलास, तर हा हात घेऊन मी ठाण्यात. मॅडम साक्षीला हायत."

"येतो," प्रफुल्ल म्हणाला.

त्यानं शब्द पाळला. मे महिन्यात तो बहिणीची बॅग घेऊन नाशिकरोडच्या फलाटावर उभा होता. सुवर्णा त्याच्याशी दीड महिना एक अक्षर बोलली नव्हती. मामाच्या हाताचं प्लॅस्टर निघालं होतं, पण दोन बोटं मिटत नव्हती, ती कायमचीच गेली. वही आता पोरं लिहितात आणि मामा सांगतो. सुवर्णा पाया पडली, त्या बोटांकडं बघून रडली. मामानं तिला दटावलं, "रडू नको, पाण्याची बाटली भरलीस का ते सांग." गाडी आली, ती चढली. खिडकीतून तिनं पहिल्यांदा भावाकडं बघून हात हलवला. गाडी गेली.

शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत मामा तिकडंच बघत होता. मग त्यानं विचारलं, "गेली ना?"

"गेली, मामा," प्रफुल्ल म्हणाला.

मामानं डाव्या हातानं त्याच्या कानाखाली अशी ठेवून दिली, की तो भेलकांडून बाकावर आदळला. हमाल वळून बघायला लागले.

"तक्रार करणार नाय म्हणलो होतो," मामा म्हणाला. "माफ केलं असं कधी म्हणलो?"

प्रफुल्ल गाल धरून तसाच बसून राहिला. त्यानं हात उचलला नाही, मानही वर केली नाही. मामानं खिशातून एक चिठ्ठी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. तिच्यावर वही लिहिणाऱ्या पोराच्या अक्षरात परतीच्या गाडीचं नाव आणि तारीख लिहिलेली होती.

"न्यायलाही तूच यायचं," म्हणत तो जिन्याकडं चालू लागला.