अण्णाच्या गाडीचा स्पंज

मंडणगडहून फोन आला तेव्हा मी रत्नागिरीत, शाळेत सातवीच्या वर्गावर होते. शिपाई बोलवायला आला, मी ऑफिसात गेले, आणि वहिनीच्या भावाने सांगितलं की अण्णा गेला. छातीत कळ आली आणि संपलं. वय बेचाळीस. आता दीड महिना होऊन गेला, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी मला रडू आलं नाही, राग आला. त्याच्या जाण्याआधी तीनच आठवडे, भाऊबिजेला, तो आमच्याकडे येऊन गेला होता. मी त्याला एक गोष्ट सांगायची ठरवली होती, सहा वर्षं पोटात ठेवलेली. ओवाळून झालं की सांगू म्हटलं, तर हा पाटावरून उठला तो थेट अंगणात, आमच्या ह्यांच्या मोटारसायकलचा एअर फिल्टर उघडायला. जेवणाची पानं घेईपर्यंत तिथेच. मी दोनदा जाऊन उभी राहिले. दोन्ही वेळा त्याने मला फिल्टरवर व्याख्यान दिलं...

अण्णा, माझा थोरला भाऊ, मंडणगडच्या बाजूला गुरांच्या दवाखान्यात होता. हुद्दा डॉक्टरचा नव्हता, पण गावं त्याला डॉक्टरच म्हणत. वाडीवाडीला जायचं तर सड्यावरचे, उघड्या कातळमाळावरचे, बैलगाडीचे रस्ते, आणि जांभ्या दगडाची लाल धूळ गुलालासारखी बारीक, उडाली की कानाच्या पाळीमागेसुद्धा सापडते. त्याच्या मोटारसायकलबरोबर कागदी फिल्टर आला होता, तो दोन महिन्यांत लाल होऊन गच्च बसला. झटकला तर वरची धूळ पडे, आतली तशीच. मेकॅनिक हवा मारून साफ करून देई. अण्णा म्हणे, त्याने कागदाला बारीक भोकं पडतात आणि मग फिल्टर असून नसल्यासारखा. शेवटी त्याने स्पंजाचा फिल्टर मिळवला, धुऊन पुन्हा वापरता येणारा, आणि त्या दिवसापासून आमच्या घराला पीडा लागली. दर रविवारी स्पंज रॉकेलमध्ये बुडवायचा, मग साबणाच्या पाण्यात. दाबायचा, पिळायचा नाही, पिळला तर फाटतो. सावलीत वाळवायचा. मग धूळ चिकटून राहावी म्हणून तेल चोळायचं, जास्तीचं दाबून काढायचं आणि कडेला ग्रीस लावायचं, कारण धूळ नेमकी कडेनेच शिरते. मग फिल्टरच्या पेटीतून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत बोट फिरवून बघायचं. बोट लाल झालं तर केलेलं सगळं वाया. "बायो, इंजिनालाही नाक असतं गो," असं तो मला म्हणे, आणि मी कानांवर हात ठेवीत असे.

वहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली तेव्हा मी त्याच्याकडे राहायला होते. बी.एड. झालेलं, नोकरीची वाट बघत, दोन वेळचं रांधत. जानेवारीचे दिवस. रविवारी अण्णाला ताप होता. स्पंज धुऊन वाळला होता, त्याने मला पडल्या पडल्या सांगितलं की तेवढं तेल लावून बसवून टाक. डबा उघडला तर तेल संपलेलं. त्याला विचारलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून सगळं ऐकावं लागलं असतं. आमच्या आईने शिवणयंत्राला, बिजागरीला, देवाच्या समईला आणि आमच्या डोक्याला आयुष्यभर एकच तेल घातलं, खोबरेल. मी फळीवरची खोबरेलाची बाटली घेतली आणि स्पंज छान माखला. कडेला ग्रीससुद्धा लावलं. आपण शहाण्या आहोत असंही वाटलं.

सकाळी फटफटायच्या आत रामा गोरिवल्याचा माणूस आला. म्हैस अडली होती, रेडकू आडवं आलं होतं. रामाच्या घरात दुभतं जनावर तेवढं एकच. अण्णा ताप अंगावर घेऊन निघाला. मी चूल पेटवली, वेणी घालायला बाटली घेतली... आणि तेल पडेना. थंडीने खोबरेल थिजून पांढरं झालं होतं. मी बाटली हातात धरून तशीच उभी राहिले.

व्हायचं तेच झालं. सड्यावरचा गार वारा लागून स्पंज मेणासारखा झाला, इंजिनाला हवा मिळेना, काळा धूर सोडून गाडी चढावर बंद पडली. अण्णा पिशवी खांद्याला लावून चार मैल चालला. पोचला तेव्हा म्हैस आणि रेडकू दोन्ही गेली होती. रामा एवढंच म्हणाला, "तुमी आलात, पन येळ झाला." दुपारी ऊन चढलं, तेल पातळ झालं आणि गाडी एका किकेत सुरू झाली. घरी येऊन अण्णा म्हणाला, "चूक माझीच. निघताना बघायला हवं होतं." मी त्याला पेज वाढली.

त्यानंतर गावागावांत बोलणं पसरलं की डॉक्टर वेळेवर येत नाही. माणसं त्याला तोंडावर टोमणे मारत. तो ऐकून घेई आणि फिल्टर धूत बसे. माझं लग्न झालं, नोकरी लागली, आणि सांगायचं दर वर्षी पुढच्या वर्षावर गेलं.

तेराव्याला मी वहिनीला सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. ती म्हणाली, "ठाऊक आहे मला. मी माहेरहून आले तेव्हाच हे मला बोलले होते. स्पंज धुवायला घेतला, तर बायोच्या वेणीचा वास आला म्हणून. तुला कधी विचारायचं नाही, अशी शपथ घातली होती मला."

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याला ठाऊक होतं. अण्णा, एकदा तरी ओरडायचंस रे माझ्यावर. भाऊबिजेला अंगणात मी दोनदा येऊन उभी राहिले, तेव्हा तू फिल्टरचंच बोलत होतास. ते मला गप्प करायला होतं, की मी बोलावं म्हणून? हे आता मी कुणाला विचारू? एवढं मोठं मन काय कामाचं, ज्याने माणसाला चुकीची कबुलीही देता येत नाही... मला अजून राग येतो. तुझा येतो, त्याहून माझा येतो.

म्हणून हे छापायला देते आहे. मंडणगडकडे कुणी वाचलं तर रामा गोरिवल्यांना सांगावं, त्या सकाळी डॉक्टरला उशीर झाला तो माझ्यामुळे.

तेराव्यानंतर मंडणगडहून निघताना पडवीत गेले. अण्णाने शेवटच्या रविवारी धुतलेला स्पंज सावलीत दोरीवर तसाच होता, वाळून हलका झालेला. शेजारी तेलाचा डबा, काठोकाठ भरलेला. मी तेल लावलं, जास्तीचं दाबून काढलं, कडेने ग्रीस फिरवलं. वहिनी दारात उभी होती. आता ही गाडी कोण चालवणार, असं तिने विचारलं. मी स्पंज पेटीत बसवण्याआधी नळीत बोट घालून फिरवलं. बोट स्वच्छ निघालं.