आडवा मेनू, उभा मेनू आणि विमलअक्का

विमलअक्का चौगुले यांची आणि माझी पहिली भेट भांडणानेच झाली, असे अक्का सगळ्यांना सांगतात. ते खरे नाही. भांडायला त्यांनी मला वावच दिला नव्हता. मी मलकापूरचा, कॉम्प्युटरचे शिक्षण नुकतेच संपवलेला, आणि कोल्हापुरात राजारामपुरीत अक्का जिथे संकेतस्थळे तयार करून देत, त्या कार्यालयात नोकरी मागायला आलो होतो. नमुना म्हणून रत्नागिरी रस्त्यावरच्या एका लॉजचे संकेतस्थळ दाखवायला नेले होते. पानाच्या माथ्यावर आडवी काळी पट्टी, पट्टीत एकेका भागाचे नाव, आणि नावावर माऊसचा बाण नेला की खाली यादी उलगडायची. ती उलगडणारी यादी हे माझ्या मते जगातले आठवे आश्चर्य होते.

अक्कांनी ते पाहिले. खाली भांड्यांचे दुकान चालवणाऱ्या घरमालकांना त्यांनी वर बोलावले, कॉम्प्युटरसमोर बसवले आणि या लॉजचा फोन नंबर शोधायला सांगितले. मालकांनी माऊस धरला. यादी उलगडली. नंबरकडे जायला त्यांनी बाण जरा तिरका नेला, तशी ती मिटली. पुन्हा उलगडली, पुन्हा मिटली. मला राहवेना. मी पुढे झालो आणि पडद्यावर बोट ठेवून त्यांना वाट दाखवू लागलो.

"पावणं, बोट खाली घ्या," अक्का शांतपणे म्हणाल्या. "परत्येकाच्या घरी जाऊन बोट दावणार हाईसा काय तुमी?"

नोकरी गेली असे समजून मी पिशवी उचलली. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी विचारले, सोमवारपासून यायला जमेल का? त्या सोमवारपासून अक्का दोन वर्षांपूर्वी कार्यालय सोडून जाईपर्यंत मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलो. आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस होते, हे तेव्हा कळले नाही. आता रोज कळते.

त्यांना अक्का हे नाव माहेरहून मिळाले. माहेर पार कर्नाटकच्या हद्दीला लागून, तिथे थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. त्यांचा धाकटा भाऊ कोल्हापुरात शिकायला होता, तो कार्यालयात येऊन तशी हाक मारायचा, आणि बघता बघता गिऱ्हाइकांपासून घरमालकांपर्यंत सगळ्यांच्या त्या अक्का झाल्या. ज्यांना त्यांचे पूर्ण नाव माहीत नाही अशीही पुष्कळ मंडळी हा गौरवग्रंथ हातात घेतील, म्हणून हा खुलासा.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या प्रत्येकाला 'हात मागं' हे दोन शब्द आठवत असतील. नवे संकेतस्थळ तयार झाले की अक्का कुणाला तरी बाहेरून बोलावून आणत. कधी शेजारची गृहिणी, कधी निवृत्त तलाठी, कधी बँकेतले कारकून. त्यांना एखादी गोष्ट शोधायला सांगायची, आणि आम्ही सगळ्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. बोलायचे नाही, खाकरायचे नाही, बोट तर नाहीच नाही. समोरचा माणूस भलतीकडे चाललेला दिसतो, आपला जीव कासावीस होतो, आणि आपण शाळेत शिक्षा झाल्यासारखे उभे. गिऱ्हाईक कितीही मोठे असो, त्यालाही यातून सूट नव्हती. शोधणारा चुकला की अक्का त्याला चहा देत आणि तो गेल्यावर आमच्याकडे वळून म्हणत, की ते चुकले नाहीत, आपण चुकलो.

आता आमच्या वादाविषयी. मेनू आडवा असावा की उभा, म्हणजे सगळ्या भागांची नावे पानाच्या माथ्यावर एका ओळीत द्यावीत की डाव्या कडेला एकाखाली एक, हा तो वाद. अक्का उभ्याच्या बाजूच्या आणि मी आडव्याच्या. आमच्या कार्यालयात राजकारणावर कुणी बोलत नसे, त्याची गरजच पडत नसे.

अक्कांचे म्हणणे असे, की मराठी नावे लांब असतात. इंग्रजीत चार अक्षरांत भागते, आपल्याकडे 'कार्यक्रमांची छायाचित्रे' लिहावे लागते. आडव्या पट्टीत पाच नावे बसली की सहावे दाराबाहेर. उभ्या यादीत प्रत्येक नावाला स्वतःची ओळ मिळते, आणि उद्या आणखी दोन नावे वाढली तरी कुणाला सरकून बसायला सांगावे लागत नाही. माझे म्हणणे असे, की उभी यादी पानाची डावी बाजू खाऊन टाकते, छायाचित्रे अंग चोरून बसतात, आणि माणसाची पहिली नजर माथ्यावरच जाते. त्यावर अक्का म्हणत, की जाते, पण थांबत नाही. आम्ही दोघेही अडून बसणारे. चहा निवायचा आणि वाद तापायचा.

एकदा मात्र मी पुरता तोंडावर पडलो. एका पतसंस्थेचे काम होते. त्या काळी आम्ही सगळेच आधी इंग्रजी शब्द टाकून आराखडा करत असू आणि मराठी मजकूर शेवटी ओतत असू. आडवी पट्टी इंग्रजीत अगदी मापात बसली होती. मराठी ओतल्यावर 'वार्षिक सर्वसाधारण सभा' दुमडून दुसऱ्या ओळीवर आली आणि खालच्या छायाचित्रातल्या अध्यक्षांच्या बरोबर कपाळावर जाऊन बसली. ते पान अध्यक्षांनी स्वतः उघडले. अक्कांनी माझे नाव पुढे केले नाही. आमच्याकडून चूक झाली, एवढेच त्या फोनवर म्हणाल्या. मग फोन ठेवून इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

त्यांच्या मायेचा एक प्रसंग सांगितल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. माझी आई उपचारासाठी कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात होती. आई कमरेतून वाकलेली, मान वर होत नसे. एका कामाची मुदत गळ्याशी आली होती, म्हणून एक दिवस अक्का माझ्याऐवजी आईबरोबर गेल्या. तपासण्यांसाठी तिला या खोलीतून त्या खोलीत न्यायचे होते. संध्याकाळी मी पोहोचलो तर दोघी बाकावर बसून म्हशीच्या दुधावर तावातावाने बोलत होत्या. बाहेर आल्यावर अक्का म्हणाल्या, "तुझी आडवी पट्टी छताला टांगलीया तितं. कुठं जायचं ते सगळं वर लिवलंय. तुझ्या आईनं कसं वाचायचं?" त्यानंतर आई रुग्णालयात असेपर्यंत त्या रोज डबा घेऊन येत राहिल्या. आई त्यांना माझी साहेबीण म्हणायची आणि घरी गेल्यावरही आधी त्यांची खुशाली विचारायची, मग माझी.

अक्कांच्या कामाची खरी कसोटी लागली ती एका दूध संघाच्या संकेतस्थळाच्या वेळी. संघाचे विभाग पुष्कळ, आणि प्रत्येक विभागाला एक संचालक. अक्कांनी उभा मेनू मांडला, तर तळाला कोण यावरून सभेत ठिणगी पडली. कुणीच खाली यायला तयार होईना. मला आयतीच संधी मिळाली. मी म्हटले, आडवा करू, सगळे एका रांगेत, कुणी वर नाही, कुणी खाली नाही. संचालक खूश झाले. पण रांगेत पाचच विभाग बसले. उरलेले मी 'इतर' या नावाखाली घातले आणि दुसऱ्या दिवशी अभिमानाने दाखवले.

महिला विभागाच्या संचालिका उठल्या. म्हणाल्या, "आमच्या बायका धारा काढत्यात, डेरीला दूध घालत्यात, आनि आमी इतर व्हय?"

सभा तिथेच संपली. काम हातचे जाणार अशी चिन्हे होती, आणि ते वर्ष आमच्या कार्यालयासाठी तसेही ओढगस्तीचे होते. अक्कांनी चिडचिड केली नाही. त्यांनी संघाच्या दारात दूध घालायला येणाऱ्या काही बायाबापड्यांना आत बोलावले, कॉम्प्युटरसमोर बसवले आणि तुम्हाला इथे काय बघायला आवडेल, एवढेच विचारले. मागे सगळे संचालक हात बांधून उभे. एकाही माणसाने विभागाचे नाव घेतले नाही. त्यांना दर बघायचा होता, जनावरांचा डॉक्टर कधी येणार ते बघायचे होते, पशुखाद्य आले का ते बघायचे होते, आणि तक्रार करायची होती.

मग अक्कांनी मेनूत तेवढेच चार शब्द ठेवले. दर, डॉक्टर, पशुखाद्य, तक्रार. छोटे शब्द, आडव्या पट्टीत ऐसपैस बसले. विभाग आतल्या पानावर गेले, उभ्या यादीत, वर्णानुक्रमाने, म्हणजे कुणाला रुसायला जागा उरली नाही. फक्त 'तक्रार' आत न्या, बाहेर बरे दिसत नाही, असा अध्यक्षांनी आग्रह धरला. अक्का एका वाक्यात बोलल्या, "तक्रार भाईरच ऱ्हाईल, न्हायतर दुसरं कुणीतरी बघा." तक्रार बाहेरच राहिली. परतताना मी म्हणालो, शेवटी आडवाच झाला की. त्यावर त्यांनी मला रिक्षाचे भाडे द्यायला लावले.

आणि मग दोन वर्षांपूर्वी अक्का गेल्या. चौगुले गुरुजी, म्हणजे त्यांचे यजमान, मूळचे गगनबावड्याकडचे. अक्कांचे काम कोल्हापुरात म्हणून त्यांनी सगळी नोकरी कोल्हापुरातल्या शाळेत काढली. निवृत्त झाल्यावर त्यांना गावी राहायचे होते. अक्कांनी कार्यालय आमच्या हवाली केले आणि गुरुजींबरोबर घाटमाथ्यावर गेल्या.

तेव्हापासून कार्यालयात शांतता आहे. लोक याला सुरळीत चालणे म्हणतात. तयार आराखडे विकत मिळतात, मुले त्यातला एक उचलतात. मोबाईलवर तर आडवा काय आणि उभा काय, दोन्ही कोपऱ्यातल्या त्या तीन रेघांच्या खुणेमागे दडपून टाकतात; रेघांवर बोट दाबले तरच यादी दिसते. मी मुद्दाम वाद काढतो. मुले म्हणतात, सर, तुम्ही म्हणाल तसे. ते ऐकले की मला उठून बाहेर जावेसे वाटते. मला अक्कांची फार आठवण येते. कुणी ठामपणे नाही म्हणावे, आणि का नाही ते तासभर समजावून सांगावे, याची भूक लागते.

गेल्या महिन्यात त्याच दूध संघाचे संकेतस्थळ नव्याने करायचे ठरले. मेनू ठरवायला म्हणून मी नवा आराखडा मोबाईलवर घेऊन गगनबावड्याला गेलो. खरे कारण वेगळे होते. अक्कांना परत घेऊन यायचे, निदान आठवड्यातून एक दिवस तरी, हे मनाशी ठरवून मी निघालो होतो.

धुके इतके की घर सापडेना. अक्का अंगणात येऊन उभ्या होत्या. चहा झाल्यावर मी मोबाईल पुढे केला आणि त्यांचे मत विचारले. त्यांनी तो हातात घेतलाच नाही. गुरुजींना बोलावले, दुधाचा दर शोधा म्हणाल्या, आणि स्वतः हात मागे बांधून उभ्या राहिल्या. मीही राहिलो. गुरुजींनी पान वर सरकवले, खाली सरकवले. तीन रेघांना त्यांनी बोटही लावले नाही. त्या रेघांमागे काही असेल असे त्यांच्या मनातही आले नाही. बराच वेळ गेला. मग त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि दूध तापत ठेवले आहे म्हणून आत गेले.

म्हणजे नावे लपवायचीच नाहीत, पानावरच सुरुवातीला एकाखाली एक लिहायची. मी म्हणालो, उभाच करावा लागणार. अक्का म्हणाल्या, मी तर तोंडसुद्धा उघडले नाही. आम्ही दोघे हसलो. हसू ओसरल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले.

"एवढ्यासाठी गगनबावड्याला आलास व्हय? हे तुला तितंबी कळलं असतं."

मी कबूल केले. म्हणालो, अक्का, परत चला. आठवड्यातून एक दिवस या, काम करू नका, नुसते बसा.

अक्कांनी चहाच्या कपबशा गोळा केल्या. मग म्हणाल्या, "मलाबी हितं करमत न्हाय रं. सकाळ झाली की तुमच्याकडं काय चाललं असंल ते मनात येतंय. पर ह्यांनी माझ्यासाठी सगळं आयुष्य तितं काढलं, कधी बोलून दावलं न्हाय. आता मी यायची न्हाय."

त्यावर वाद घालण्यासारखे काही नव्हते. त्यांच्याशी वाद घालता आला नाही, अशी ती एकच वेळ. निरोप देताना त्यांनी विचारले, की हापिसात आता तुझ्याशी भांडतं कोण? कुणी नाही, असे मी सांगितले. त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

अक्का, आज तुम्ही साठाव्या वर्षात आहात. आम्ही सगळे तुमचे विद्यार्थी, सहकारी आणि गिऱ्हाइके तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य चिंततो. गुरुजींनाही. तुम्ही परत येणार नाही, हे मी आता मानले आहे. रागावलेलो नाही, फक्त फार एकटे वाटते. दूध संघाचे पान तयार होत आले आहे. त्यात तुम्हाला काहीतरी चुकीचे सापडेलच. तेवढे सांगायला फोन करा. आणि अक्का, मला 'नाही' म्हणायला तुमच्यावाचून कुणी उरलेले नाही, म्हणून खूप जगा.