पाच बायांचं रक्त मी उन्हात ठेवलं

बर्फाचा डबा मी उन्हात ठेवला होता. मंजुळाने नाही. चूक माझी होती, आणि त्याला चूक म्हणणंही खोटं आहे. मी ते मुद्दाम केलं.

बोलणी मात्र मंजुळाने खाल्ली.

आमचं शहापूरचं केंद्र म्हणजे दोन खोल्या. त्या दिवशी आम्ही सहा जण भिंतीला टेकून उभे होतो. मंजुळा एकटी मधोमध. संशोधन ज्यांचं, त्या मोठ्या डॉक्टर मॅडम मुंबईहून आल्या होत्या. टेबलावर डबा उघडा. बर्फाचं पाणी झालेलं. पाच नळ्या त्या पाण्यात आडव्या पडलेल्या. मॅडम कधी आवाज चढवत नाहीत. हळूच म्हणाल्या,

"मंजुळाताई, कितीही शिकवलं तरी तुम्हा लोकांच्यातलं जंगल काही जात नाही. बर्फ किती भरायचा एवढंही कळू नये? उद्यापासून येऊ नका."

"मॅडम, मी बर्फ बरोबर भरलेला."

"मग काय बर्फाने स्वतःच ठरवलं वितळायचं?"

कोणीतरी हसलं. मी हसलो नाही. पण गप्प बसलो.

आमचं काम काय ते सांगतो. मॅडम गर्भाशयाच्या अस्तराचा अभ्यास करतात. काही बायांना पाळीत उभं राहता येत नाही इतकं दुखतं. काहींना दिवस राहत नाहीत. कारण शोधायचं तर एरवी पोटात दुर्बीण घालावी लागते. पाळीच्या रक्तातून तेच अस्तर सुटून बाहेर येतं. त्यावरून काही कळतं का, हे मॅडम तपासतात. म्हणून बाईने एका लहान कपात रक्त धरायचं. मंजुळाने ते नळीत भरून बर्फात ठेवायचं. मी डबा मोटारसायकलवरून शहापूरला आणायचा. पुढे गाडी मुंबईला. रक्त गार राहिलं तरच त्यातल्या पेशी जिवंत राहतात.

मंजुळा सिद्धगडाच्या पायथ्याच्या ठाकरवाडीची. तिशीची. बारावी झालेली. मी पन्नाशीचा, अठरा वर्षं वेगवेगळ्या प्रकल्पांत वाड्या तुडवलेला. मुरबाडच्या कुठल्या वाडीत कुठून शिरायचं ते मला विचारत. मॅडम पाहुण्यांना सांगायच्या, "हा आमचा रस्ता दाखवणारा." अठरा वर्षांत माझी ओळख तेवढीच.

मंजुळा आली आणि दोन महिन्यांत सूक्ष्मदर्शकापाशी बसायला लागली. मॅडमच्या खुर्चीत. मॅडम तिला मंजुळाताई म्हणायच्या, मला अरे. मी आतून जळायचो. तिचे फॉर्म मी चुका शोधायला वाचायचो. एकही सापडली नाही की दिवस वाईट जायचा.

वाडीवर तर जास्तच. तिथे पाळी आलेल्या बाया चार दिवस बाहेर बसतात. पडवीत, गोठ्याशेजारी, वेगळ्या ताटात जेवतात. त्यांना कोणी शिवत नाही. मंजुळा सरळ त्यांच्या गोणपाटावर जाऊन बसायची, त्यांच्या ताटातलं खायची. पुरुष म्हणून मी लांब, मोहाच्या झाडाखाली. ऐकू सगळं यायचं.

"बाय, आपण घर सारवतो ना? जुनं पोपडं निघतं, मंग नवं सारवण देतो. तसंच पिशवीच्या आतलं अस्तर दर महिन्याला सुटतं नि नवं येतं. पण कुणाकुणाचं तसलंच अस्तर पिशवीच्या भायेर पण धरतं. तिथलं रक्त जाणार कुठं? म्हणून तू लोळतेस गो."

"म्हंजी माझ्या पोटात कुडाला भायेरनं सारवलंय?"

"तसंच समज."

"मेला कोण गवंडी होता तो?"

हशा. मग एखादी मला हाक मारायची, "ओ दादा, झाडाला राखण बसलाव काय?" पुन्हा हशा. अठरा वर्षांत या बायांनी मला ताप, खोकला, खरूज सांगितली होती. हे कधीच नाही. हिला कसं सांगतात? माझ्या डोक्यात तेवढंच फिरायचं. दुखणं कुणाचं, किती, याचा विचार नाही.

तो दिवस मे महिन्यातला. वैशाखरे गावाच्या वरच्या वाड्यांतून पाच नमुने मिळाले होते. त्यातल्या एका बाईच्या सासूला मनवायला मंजुळा चार वेळा चढून गेली होती. तिने डबा माझ्या हातात दिला, वर आठवड्याच्या फॉर्मचं बंद पाकीट. "दादा, टाइम घालवू नका हां. सावलीत ठेवा."

वैशाखऱ्याला मी चहाला थांबलो. पाकीट बंद होतं. मी उघडलं.

तिसरा फॉर्म. गाव सापगाव. वय बेचाळीस. मूल नाही. दुखणं किती वर्षांपासून? एकोणीस. कोणाला सांगितलं होतं का? त्यापुढे मंजुळाच्या अक्षरात लिहिलेलं: "नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बायांना असतंच, त्यात काय सांगायचं."

सापगाव माझं गाव. वाक्य माझं. चुलीपाशी पोटाशी पाय घेऊन पडलेल्या रत्नाला, माझ्या बायकोला, मी म्हणालो होतो ते.

मला लाज वाटायला हवी होती. मला हेवा वाटला. माझ्या घरात, माझ्या माघारी, माझ्या बायकोने एकोणीस वर्षांचं दुखणं हिच्यापाशी मोकळं केलं होतं. माझ्यापाशी नाही. आता हिने माझं घरही घेतलं, असं वाटलं.

टपरीवाला म्हणाला, "डबा आत घ्या, तापेल." मी म्हणालो, "विटाळाचा आहे. बाहेरच बरा." झाकण सैल केलं. दोन तास मी सावलीत बसलो आणि डबा उन्हात.

विटाळ. हा शब्द मी वापरला. मी.

आठ वर्षांचा असताना आईचा निरोप घेऊन गावातल्या मोठ्या घरी गेलो होतो. चुकून ओट्यावर चढलो. मला कोणी मारलं नाही. निरोप ऐकून घेतला. मग मी उभा होतो तेवढी जागा माझ्यासमोर धुतली. घरी येऊन मी पाय घासत बसलो होतो. आई म्हणाली, "तुझ्या पायाला काय नाय लागलं रे." तो दिवस मी विसरलो नव्हतो. तरीही टपरीवर तोच शब्द माझ्या तोंडून सहज निघाला.

आता परत केंद्रातल्या खोलीत येतो. मंजुळा पिशवी उचलून निघाली. मॅडम माझ्याकडे वळल्या.

"त्या वाड्या आता तू बघ. अठरा वर्षं काम करतोस, एक तक्रार नाही. तुमच्यातला असून किती स्वच्छ काम आहे तुझं."

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. वाड्या, विश्वास, कौतुक. सगळ्यांसमोर. आणि त्यातच ते. तुमच्यातला असून. स्वच्छ. मॅडमना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्या हसत होत्या.

मी म्हणालो, "मॅडम, डबा मी उन्हात ठेवला. झाकण मी उघडलं. पाकीटही."

"तिला वाचवायला खोटं बोलू नकोस."

"खोटं आत्तापर्यंत बोलत होतो. तिला जंगल म्हणालात ते परत घ्या. मला 'तुमच्यातला असून' म्हणालात तेही."

"तू मला शिकवणार?"

"हो."

मॅडमनी मला कामावरून काढलं. ते बरोबरच होतं. मंजुळाला ठेवलं. शब्द मात्र परत घेतले नाहीत.

बाहेर मंजुळा उभी होती. "का केलंत दादा?"

"तुझा हेवा वाटला. ती खुर्ची, ते बसणं..."

तिने पिशवी खाली ठेवली. "ती खुर्ची मी उठताना पुसून ठेवते. मॅडमनीच सांगितलंय. तुमाला दिसलं नाय कधी?"

नव्हतं दिसलं. मी फक्त बसलेली बघत होतो.

मी माफी मागायला लागलो तर म्हणाली, "माझ्याकडं मागून काय? त्या पाच बायांचा महिना फुकट गेला, त्यांच्याकडं जा. नि पाकीट उघडलंत ना? मंग घरी बोला. मला मधी घेऊ नका."

वाड्यांवर गेलो. पाचही जणींना सांगितलं. चौघी ऐकून परत कामाला लागल्या. पाचवी, जिच्या सासूला मनवायला चार फेऱ्या झाल्या होत्या, ती म्हणाली, "सासू आता परत करू देईल काय? तुमचं काय गेलं दादा, पोट आमचं दुखतं." मी खाली बसलो होतो.

मग घरी आलो. रत्ना तेव्हा पडवीत होती. आमच्याही घरात बाया बाहेर बसतात. ज्यांना गावाने बाहेर ठेवलं, त्यांनी घरात आपल्या बायांना बाहेर ठेवलं. आई उंबऱ्याशी बसली होती. एकोणीस वर्षं आई रत्नाला वांझ म्हणत आली आणि मी दुसरीकडे बघत आलो. मी स्वतः एकदाही तपासून घेतलं नाही. कोणी सांगितलंही नाही.

मी पडवीत रत्नाच्या गोणपाटावर बसलो. आई ओरडली, "उठ तिथून, शिवशील!"

"शिवलो," मी म्हणालो.

रत्ना मागे सरकली. "उठा ना. कशाला तमाशा?"

"मी तुझा कागद वाचला. चोरून. तू सांगितलंस तेव्हा मी ऐकलं नाही, आणि दुसऱ्या कोणी ऐकलं म्हणून जळलो. पाच बायांचं नुकसान केलं."

तिने गोणपाटाचं टोक सरळ केलं. मग म्हणाली, "मला हळू सांगून काय उपयोग? हिथं मला जे ऐकवलं ते मोठ्यानं ऐकवलं."

ती बरोबर बोलत होती. मी उभा राहिलो. शेजारच्या दोघी कुडाआडून बघत होत्या. बघू दिलं.

"आई, हिला वांझ म्हणायचं नाही. सोमवारी मी माझी तपासणी करून घेणार आहे, दोष कुणाचा ते मग बोलू. आणि आजपासून या घरात कोणी बाहेर बसणार नाही. ज्याला विटाळ वाटेल त्याने बाहेर राहावं." आणि मग तिच्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "रत्ना, एकोणीस वर्षं तुला दुखत होतं आणि मी तुला खोटं ठरवलं. माझं चुकलं. मला माफ कर."